बॉल मिलमध्ये (जारमध्ये कडक गोळे घालून पूड दळायचं यंत्र) नुसतं दळून कार्बन डायऑक्साइडपासून मेथॅनॉल करणारा कॅटॅलिस्ट बनतो का? सोल्युशनमधून केलेल्याची सर त्याला येते का?

बनतो. आणि आधी तो 'नुसतं' काढा, त्या एका शब्दापायी मी पीएचडीची दोन वर्षं बोलणी खाल्लीयत.

आमचे गाइड को-प्रेसिपिटेशनवाले, म्हणजे सोल्युशनमधून दोन्ही धातूंचा साका एकत्र पाडणारे. नायट्रेट घ्या, सोडियम कार्बोनेट सोडा, पीएच सांभाळा आणि मग धूत बसा, कारण सोडियम राहिलं की कॉपर-झिंक कॅटॅलिस्टची अ‍ॅक्टिव्हिटी बसलीच. मी म्हटलं सर, कॉपर-झिंकचे बेसिक कार्बोनेट थेट दळते आणि भट्टीत टाकते, नायट्रेटचं सांडपाणी नाही की धुणं नाही. तर म्हणे ही केमिस्ट्री नाही, गिरणी आहे. झालं, लॅबमध्ये माझं नावच गिरणी पडलं.

पहिली बॅच स्टीलच्या जारमध्ये, बॉलही स्टीलचे, रात्रभर. सकाळी उघडलं तर हिरवी पूड मळकट राखाडी झालेली, तळाशी घट्ट बसलेली, मी स्पॅट्युलाने खरवडखरवडून काढली पण रंग असा का झाला हे डोक्यातच आलं नाही, मूर्खपणा माझाच. रिअ‍ॅक्टर 250 अंश, 50 बार. जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफ, काय किती बनलं ते दाखवणारं यंत्र) मेथॅनॉलचा पीक जेमतेम आणि मिथेन धो धो. सरांनी तो ग्राफ ग्रुप मीटिंगमध्ये स्क्रीनवर लावला, विषय बंद.

अहो पण कॉपर एवढं मिथेन देत नाही, हे त्यांनाही माहीत होतं की! आयसीपी (कुठला धातू किती ते मोजणारी चाचणी) केलं तर लोखंड निघालं, जार आणि बॉल झिजून आलेलं. मग झिर्कोनियाचा (कडक सिरॅमिकचा) जार घेतला, वीस मिनिटं दळ, दहा मिनिटं थांब, म्हणजे तापत नाही. मिथेन गेलं, मेथॅनॉल सरांच्या सॅम्पलच्या बरोबरीला आलं. त्या ग्राफसाठी कोणी मीटिंग लावली नाही.

फॅराडेने 1820 मध्ये सिल्व्हर क्लोराइड झिंकबरोबर खलात घोटून चांदी काढली होती, त्यालाही गिरणीवाला म्हणा मग.

तुम्ही करणार असाल तर जार कशाचा ते आधी बघा, आरपीएम नंतर. जास्त दळलं की पूड गच्च बसून सरफेस एरिया उलट कमी होतो. आणि सॉल्व्हंट वाचला म्हणजे लगेच ग्रीन झालं असं नाही, मिलची वीजही मोजा.

हां, एक राहिलं. झिर्कोनियाही थोडा झिजतोच आणि तो कॉपरला मदत करतो, त्यामुळे माझ्या त्या बरोबरीत त्याचा हात किती हे मी तेव्हा तपासलं नव्हतं. सरांनी विचारलं नाही, म्हणून वाचले.