सोसायटीखालच्या वाईन शॉपचं लायसन कोर्टातून रद्द करता येतं का?

तुम्ही विचारलंय की पुण्यात वारज्यात सोसायटीच्या खालीच वाईन शॉप आहे, रोज रात्री पार्किंगमध्ये बाटल्या नि भांडणं, तर वकील लावून कोर्टातून लायसन रद्द होईल का.

मी शिवाजीनगरला एका वकिलांच्या ऑफिसात एक्साइजच्या म्हणजे दारू-उत्पादन शुल्काच्या मॅटर्स बघतो, तीही जास्त करून दुकानदारांच्या बाजूने, त्यामुळे तक्रारदार कुठे कमी पडतात ते रोज दिसतं.

आधी कोर्टात जाऊच नका. लायसन कलेक्टर देतो, सस्पेंड किंवा रद्दही तोच करतो, दारूबंदी कायदा 1949 चं कलम 54. आता गंमत अशी की लोक अर्जात लिहितात "रहिवाशांना त्रास होतो, महिला असुरक्षित आहेत, तरी योग्य ती कारवाई व्हावी" आणि तो अर्ज ससूनजवळच्या कलेक्टर कचेरीत फाईलला लागून पडून राहतो. कलम 54 ला त्रास नाही, लायसनच्या अटीचा भंग लागतो. दुकानाच्या दारातच ग्लास भरले जातायत, काउंटरवरच्या पोराकडे नोकरनामाच (विक्रीला ठेवलेल्या नोकराचं अधिकृत पत्र) नाही, ड्राय डेला मागच्या शटरमधून माल निघतोय, असं तारीख-वेळेसकट, फोटोसकट लिहा म्हणजे एक्साइज इन्स्पेक्टरला येऊन विसंगती, म्हणजे अट मोडल्याची नोंद, करावी लागते. आणि मालक म्हणेल मी तर तेव्हा दुकानात नव्हतो, त्याला अर्थ नाही, नोकराने अट मोडली तरी ती लायसनवरच येते.

मग कारणे दाखवा नोटीस, दुकानदाराचा खुलासा, सुनावणी. इथे बऱ्याच केसेस विझतात कारण कलम 104 खाली रद्द करण्याऐवजी पैसे भरून तडजोड करता येते, दुकानदार भरतो आणि धंदा चालू. म्हणून एका तक्रारीवर थांबू नका, प्रत्येक वेळी नवीन अर्ज, नवीन आवक नंबर, आणि आधी किती विसंगती झाल्या ते माहिती अधिकारात मागवा, तिसऱ्या-चौथ्या वेळेला कलेक्टरलाही नुसता दंड घेऊन सोडणं अवघड जातं.

ऑर्डर आली तर कलम बघा. 54 असेल तर दुकानदाराला भरपाई नाही, फी परत नाही. 56 म्हणजे इतर कारणासाठी रद्द, त्यात किमान 15 दिवसांची लेखी नोटीस किंवा नोटीस न देता लगेच, पण कारणं लिहून, आणि उरलेल्या मुदतीची फी परत मिळते.

कोर्टाचा नंबर यानंतर, आणि तिथे बहुतेक वेळा दुकानदारच जातो. कलेक्टरच्या ऑर्डरवर अपील एक्साइज कमिशनरकडे, पुढे सरकारकडे म्हणजे मंत्र्यांच्या दालनात (तिथलं मी काही बोलत नाही), मग हायकोर्टात रिट (सरकारी आदेशाविरुद्धची याचिका), आपल्याला मुंबईच, कोल्हापूरच्या बेंचमध्ये पुणे नाही. दारूचा धंदा हा मूलभूत हक्क नाही हे सुप्रीम कोर्टाने 1994 च्या खोडे डिस्टिलरीजच्या निकालात सांगितलंय, तरी हायकोर्ट हे बघतंच की नोटीस दिली का, ऐकून घेतलं का, कारणं लिहिली का. एक जरी हुकलं तरी स्टे मिळतो आणि दुसऱ्या दिवशी शटर वर. पुण्यात 2024 च्या मे मध्ये कल्याणीनगरच्या पोर्शे अपघातानंतर पबवर धडाधड कारवाया झाल्या तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पण एरवी आमच्यासारख्यांना घाईत काढलेली ऑर्डरच सगळ्यात सोपी जाते हे लक्षात ठेवा.

आडवी बाटलीचा, म्हणजे दुकान बंद करायचं का यावर महिलांच्या मतदानाचा (आडवी बाटली म्हणजे बंद) रस्ताही आहे, 2008 च्या आदेशाने वॉर्डातल्या 25 टक्के महिला मतदारांनी सह्या दिल्या की गुप्त मतदान होतं, पण बंद व्हायला एकूण नोंदलेल्या महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात, नुसत्या आलेल्यांपैकी नाही. गावात जमतं, शहरातल्या एवढ्या मोठ्या वॉर्डात एका सोसायटीच्या जिवावर अवघडे.

आणि दुकानदार अपिलात गेला की तुम्हाला कोणी फोन करून सांगणार नाही, तारखा स्वतः काढा आणि आम्हालाही ऐका असा मध्यस्थी अर्ज पहिल्याच तारखेला टाका, वकिलाची फी तिथे खर्च करा.