तांबडं पोलकं आणि उजवीकडची चमकी

प्रश्न (देवगडहून एक वाचक): सर, जूनमध्ये आरशासमोर बसून स्वतःचं तैलचित्र सुरू केलं. ग्वेन जॉन या ब्रिटिश चित्रकर्तीच्या १९०२ च्या आत्मचित्राची छापील प्रत शेजारी होती. तिच्या पोलक्याचा तांबडा कसा आतून उजळतो! माझा मळकट झाला, आणि महिना झाला तरी बोटाला चिकटतो. वर आई म्हणते, "ही काय तू न्हय गो!" सोबत फोटो आणि माझं चित्र पाठवते आहे. काय चुकलं?

उत्तर: तू निवडलेलं चित्र माझंही फार आवडतं आहे. लंडनच्या टेट संग्रहातलं हे चित्र जेमतेम दीड फूट उंच. ग्वेन वेल्समधल्या टेन्बी या समुद्रकाठच्या गावात वाढली, मग लंडनच्या स्लेड स्कूल या कलाशाळेत शिकली. हे चित्र केलं तेव्हा ती पंचविशीत होती. कुंचल्याचा फटकारा कुठे दिसत नाही, कारण तिनं जुन्या उस्तादांसारखी पातळ, पारदर्शक रंगाची पुटं एकावर एक चढवली.

तुझ्या घरी आमसुलं करतात ना? सालं रसात बुडवायची, वाळवायची, पुन्हा बुडवायची. पहिल्या दिवशी तो काळपट तांबडा येतच नाही. इथेही तसंच. खाली फिकट रंगात आकार पक्का कर, तो पूर्ण वाळू दे, मग जवसाच्या तेलात पातळ केलेला अलिझरिन क्रिमसन हा गडद, पारदर्शक तांबडा लाव. उजेड त्या थरातून आत जातो, खालच्या फिकट थरावरून परततो. तू तांबड्यातच पांढरा मिसळलास, तोही ओल्या तपकिरीवर. मळकटपणा तिथून आला.

आणि वाळण्याची घाई करू नकोस. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. आपल्या आषाढ-श्रावणातल्या दमट हवेत ते रेंगाळतंच. मी एकदा आईचं अर्धवट चित्र पावसाळ्यात माळ्यावर भिंतीला टेकवून ठेवलं. गणपतीत खाली काढलं तर कॅनव्हासच्या पाठीवर बुरशीचे ठिपके, आणि अंधारात राहून तेल पिवळं पडलेलं. ते चित्र मी पुन्हा नीट करू शकलो नाही, आजही वाईट वाटतं. तुझं चित्र भिंतीपासून चार बोटं दूर, उजेडाच्या खोलीत उभं ठेव. आमसुलांच्या शेजारी कडक उन्हात मात्र नको. पुढचं पुट दिवाळीनंतर.

राहिली आई. तिचं बरोबर आहे. फोटोत तुझी चमकी डाव्या नाकपुडीत आहे, चित्रात उजव्या. भांगही पलीकडे गेलाय. तू आरशातली मुलगी काढलीस, आणि आईनं तिला कधी पाहिलेलंच नाही. चित्र त्याच आरशासमोर धर, आईला शेजारी उभी कर आणि आरशात बघायला सांग.