बाई, कुंदा न्यावा का?

गेल्या अंकात बोलता बोलता मी बाबा आमट्यांच्या सोमनाथच्या छावणीचा उल्लेख केला. एवढ्यानं टपालात शिबिरांचीच पत्रं येऊन पडतील असं वाटलं नव्हतं. त्यातली चार घेते. बाकीच्यांनी रागावू नये, हात दुखतो हल्ली.

प्रश्न : बाई, माझी मुलगी अकरा वर्षांची. मुंबईच्या नणंदेच्या ओळखीतून एका आंतरराष्ट्रीय बालशिबिरासाठी तिचं नाव पुढे आलंय. चार आठवडे, स्वीडनला. आपल्याकडची चार मुलं आणि सोबत एक मोठं माणूस. तिथे एका संध्याकाळी आपला देश दाखवायचा असतो म्हणे, आणि आमच्या घरात त्यावरूनच जुंपली आहे. सासरे सीमालढ्यात तुरुंगात जाऊन आलेले. त्यांचं म्हणणं लेझीम, फेटा, आणि 'मी महाराष्ट्राची' असं ठणकावून सांगायचं. हे म्हणतात, पत्ता कर्नाटकाचा आहे, उगाच कशाला वाद. पोर विचारते, आई, मी नक्की कुठली? तिचं इंग्रजी बेताचं, तिथे फोन नाही, भात नसेल तर ती जेवत नाही. पाठवू का? आणि सगळ्यांना वाटायला कुंदा न्यावा का? – एक आई, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : सोप्यापासून सुरू करते. कुंदा नेऊ नका. युरोपियन युनियनमध्ये बाहेरच्या देशांतून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून न्यायला बंदी आहे. विमानतळावर सापडला तर चांगला किलोभर कुंदा कचऱ्यात जाईल आणि पोर पहिल्याच दिवशी रडवेली होईल. शेंगदाण्याची चिक्कीही नको, कारण तिकडे पुष्कळ मुलांना शेंगदाणा चालत नाही. राजगिऱ्याचे लाडू द्या, तेही आधी विचारून.

आता शिबिराचं. तुम्ही लिहिलेल्या बेतावरून हे सी.आय.एस.व्ही. या संस्थेचं 'व्हिलेज' नावाचं शिबिर दिसतं. डोरिस ॲलन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी दुसऱ्या महायुद्धानंतर ही कल्पना मांडली आणि 1951 साली सिनसिनाटीला पहिलं शिबिर भरवलं. अकरा हे वय त्यांनी मुद्दाम धरलं. या वयात मूल आपल्या घरच्या रीतीभाती अंगात घेऊन वावरतं, पण दुसऱ्याबद्दलची अढी अजून पक्की बसलेली नसते. मी चौतीस वर्षं चौथी-पाचवीला शिकवलं, त्यावरून सांगते, बाईंचा अंदाज बरोबर होता. सातवीला पोरं आडनावं विचारू लागतात. पाचवीला फक्त डब्यात काय आहे ते विचारतात.

माझ्या भाचीची मुलगी मुंबईहून अशाच शिबिराला गेली होती. पहिला आठवडा रडली. दुसऱ्या आठवड्यात तिच्याकडे संडास-बाथरूम धुणाऱ्या टोळीचं काम आलं, सोबत एक ब्राझीलची आणि एक नॉर्वेची. घरी ताट न उचलणारी ही पोर तिथे फरशी घासायला शिकली, आणि तिच्या सांगण्यावरून इंग्रजी तिथेच सुटलं. "बादली", "साबण", "तू आधी", "ई, घाण!" एवढं आलं की पुढचं येतं. त्या दोघींशी तिचं अजून चालू आहे. स्टेजवर जिच्याबरोबर नाचली तिचं नाव मात्र तिला आठवत नाही. म्हणून इंग्रजीची काळजी सोडा. महिनाभर क्लास लावण्यापेक्षा तिला स्वतःची वेणी घालायला, अंथरूण घडी करायला आणि आतले कपडे धुवायला शिकवा. भाताचंही तसंच. आतापासून आठवड्यातले दोन दिवस घरात भात लावू नका. पहिल्या दिवशी उपाशी राहील, दुसऱ्या दिवशी खाईल.

राहता राहिली ती संध्याकाळ. सासऱ्यांचा मान ठेवून लिहिते, त्यांनी सोसलंय. पण गटात चार मुलं असणार, त्यातली तीन मुंबईची. तुमच्या घरात लेझीम की आणखी काही यावर युद्ध झालं, तरी तिकडे शेवटी हिंदी सिनेमाच्या गाण्यावर नाच बसणार, आमच्या नातीच्या वेळी तेच झालं. फेटा नेऊ द्या, छान दिसतो. पण त्याहून लगोरी शिकवून पाठवा. सात चपटे दगड कुठेही मिळतात, भाषा लागत नाही. कन्नडातही तिला लगोरीच म्हणतात, त्यामुळे घरात त्यावरून भांडण व्हायचं कारण नाही.

"मी कुठली" याचं उत्तर मला तिच्यापेक्षा नऊ वर्षं उशिरा मिळालं. 1981 च्या मे महिन्यात मी बाबा आमट्यांच्या सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीला गेले, चंद्रपूर जिल्ह्यात मूलजवळ. वय वीस, जांबोटीकडची, कन्नड अगदीच जेमतेम. पहाटे घमेली घेऊन बांधावर जायचं, ऊन चढलं की परत. माझ्या टोळीत धारवाडची एक मुलगी होती. बेळगाव-धारवाड अंतर ते किती, सकाळी जाऊन दुपारी जेवायला परत यावं एवढं. आणि आमची गाठ पडली ती चंद्रपूरच्या रानात! ती दोन वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला रीतीप्रमाणे 'ताई' म्हटलं. ती घमेलं तसंच धरून थांबली आणि म्हणाली, "नानू निन्न तायी अल्ल." मी तुझी आई नाही! कन्नडात तायी म्हणजे आई. तिथून मी तिला अक्का म्हणू लागले, तो शब्द दोन्हीकडचा. स्वित्झर्लंडहून आलेला एक उंच पोरगा घमेलं डोक्यावर घेऊन मान मोडून घेत होता. त्याला आम्ही दोघींनी मिळून चुंबळ करायला शिकवलं, तिनं तिच्या भाषेत, मी माझ्या. त्याला दोन्ही सारख्याच कळत नव्हत्या. त्यानं संध्याकाळी विचारलं, तुम्ही दोघी एकाच गावच्या का? आम्ही दोघी एकदम "हो" म्हणालो. त्याला धारवाड, जांबोटी कुठे समजावत बसणार!

तेव्हा पोरीला काही पढवू नका. तिला कुणी विचारलं तर ती "बेळगाव" म्हणेल, समोरचा "ते कुठे?" म्हणेल, मग तिला जे सुचेल ते तिचं उत्तर.

एक मात्र लेखी विचारून घ्या. शिबिराची फी किती, विमानाचं तिकीट कुणाचं, विमा कुणाचा, आजारी पडली तर निर्णय कुणाचा. हे शिबिर चालवणारे बहुतेक बिनपगारी असतात, तरी खर्च मोठा येतो, आणि तो आईबापांवरच असतो. शांततेच्या या वाटेला मध्यमवर्गीयाच्या घराला कर्ज काढावं लागतं, हे मला खटकतं. पण तुम्ही ते विचारलं नाही.

प्रश्न : मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आई विड्या वळते. मला ईमेल आला की 'जागतिक युवा शांतता परिषदे'साठी भारताचा प्रतिनिधी म्हणून माझी निवड झाली आहे, जागा राखायला साठ हजार भरायचे. काका म्हणतात, उसने काढू. काय करू? – निपाणी

उत्तर : बाळा, साठ रुपयेसुद्धा भरू नकोस. ज्यांनी तुला पाहिलं नाही, तुझं एक वाक्य वाचलं नाही, त्यांनी तुझी निवड कशावरून केली? अशा परिषदा म्हणजे हॉटेलातले तीन दिवस, गळ्यात पट्टा, फोटो आणि सर्टिफिकेट. माझ्या एका माजी विद्यार्थ्याचे पैसे असेच गेले. परिषद झाली, तो गेला नाही, पैसे परत आले नाहीत.

तुला खरंच जायचं असेल तर हातांनी काम करायच्या शिबिराला जा. या शिबिरांचा मूळ पुरुष प्येर सेरेसोल नावाचा स्विस इंजिनिअर. बाप स्वित्झर्लंडचा राष्ट्राध्यक्ष होऊन गेलेला, आणि हा लष्करी कर भरणार नाही म्हणून तुरुंगात जाणारा. पहिलं महायुद्ध संपल्यावर 1920 च्या नोव्हेंबरात यानं फ्रान्समध्ये व्हर्दंजवळच्या एका उद्ध्वस्त खेड्यात मूठभर लोक नेले. त्यात जर्मनही होते. कालपर्यंत ज्यांनी तोफा डागल्या त्यांच्याच हातून तिथली घरं उभी करायची. वाचायला फार सुंदर वाटतं, पण पाच महिन्यांत गाशा गुंडाळावा लागला, कारण जर्मन माणूस नजरेसमोर नको होता लोकांना. सेरेसोलनं हे मनावर घेतलं नाही. 1934 ला बिहारमध्ये भूकंप झाला तेव्हा तो तिथे येऊन घरं बांधायला राबला. त्याची संघटना, सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल, अजून चालू आहे आणि भारतातही तिची शिबिरं होतात. साधारण रीत अशी की राहण्या-जेवण्याची सोय शिबिरात होते, प्रवास आपला. परदेशात जायचं तर तिकिटाचा खर्च आहेच, म्हणून आधी इथल्याच शिबिराला जा. परदेशातली मुलं इथेच येतात, तीही तुझ्यासारखी दोन जोडी कपड्यांवर.

आणि तू ज्या जिल्ह्यात राहतोस त्याची थोडी माहिती करून घे. घटप्रभेचं डॉ. ना. सु. हर्डीकरांचं आरोग्यधाम तुला ठाऊक असेल, निदान कुणा नातेवाइकाला तिथे दाखवलं असेल. त्याच हर्डीकरांनी 1923 साली काँग्रेसचं सेवादल उभं केलं, आणि पुढच्या वर्षी गांधीजी अध्यक्ष असलेलं एकमेव काँग्रेस अधिवेशन आपल्या बेळगावात झालं तेव्हा त्यांचे स्वयंसेवक राबले. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर त्याच वेळची. हर्डीकरांनीच बेंगळूरच्या एका तरुणाला पुढे दिल्लीला बोलावून घेतलं. ते एस. एन. सुब्बराव, खाकी अर्धी चड्डी घालणारे भाईजी. चंबळच्या खोऱ्यात जौरा इथे त्यांनी आश्रम काढला, आणि 1972 च्या एप्रिलमध्ये जयप्रकाशांसमोर दरोडेखोरांनी शस्त्रं ठेवली ती तिथे. मरेपर्यंत, म्हणजे 2021 पर्यंत, ते तरुणांची शिबिरं घेत राहिले. त्यांच्या राष्ट्रीय युवा योजनेची चौकशी कर. साठ हजार लागणार नाहीत.

प्रश्न : पोरांना नाचवून, झेंडे हलवून शांतता येते का? सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगाचा अहवाल 1967 चा. आमचा खटला सुप्रीम कोर्टात 2004 पासून पडून आहे. तुमची शिबिरं काय करणार? – एक जुना वाचक, येळ्ळूर

उत्तर : अण्णा, काही करणार नाहीत. सीमेचा निकाल शिबिरात लागत नाही, तो कोर्टाचा विषय. अमेरिकेत मेन राज्यात 1993 साली 'सीड्स ऑफ पीस' नावाचं शिबिर सुरू झालं. इस्रायली आणि पॅलेस्टिनी पोरं एका खोलीत झोपली, पुढे भारत-पाकिस्तानचीही आली. 2000 च्या ऑक्टोबरात त्या शिबिराहून आलेला एक सतरा वर्षांचा अरब मुलगा इस्रायली पोलिसांच्या गोळीनं मेला. अंगात शिबिराचाच टी-शर्ट होता. हे तुमच्यापासून लपवून मी शिबिरांची भलामण करणार नाही.

पण नाचवण्याबद्दल तुमचं-माझं एकमत आहे. 1954 मध्ये मुझफर शेरीफ नावाच्या मानसशास्त्रज्ञानं ओक्लाहोमात बावीस पोरांचं शिबिर घेतलं, वय तेच, अकराच्या आसपास. दोन गट पाडले, सामने लावले. एका गटानं दुसऱ्याचा झेंडा जाळला. (भांडण मोठ्यांनीच मुद्दाम लावलं, मास्तरीण म्हणून मला ते आवडलेलं नाही.) मग दोघांना एकत्र जेवायला बसवलं, तर अन्न फेकाफेकी झाली. एकत्र सिनेमा दाखवला, उपयोग शून्य. पुढे शिबिराचं पाणी बंद पडलं, मग ट्रक अडकला. ज्या दोरानं आदल्या दिवसांत रस्सीखेच खेळले होते, तोच दोर बांधून सगळ्यांनी मिळून ट्रक ओढला. तिथून रंग पालटला.

राकसकोपचं पाणी चार दिवस आलं नाही की आमच्या शहापूरच्या गल्लीत काय होतं, ते तुम्हीही पाहिलं असेल. टँकरभोवती मराठी-कन्नड सगळे सारख्याच जोरात भांडतात, आणि नळीचं तोंड धरायला मात्र शेजारचा पाटीलही येतो आणि समोरचा हिरेमठही.

त्या धारवाडच्या अक्काचा आणि माझा फोन अजून असतो. 1 नोव्हेंबरला तर हमखास. इकडे मराठी माणसांचा काळा दिवस, तिकडे कर्नाटकाचा राज्योत्सव. ती बजावते, "होरगे होगबेड, इवत्तु गलाटे इदे." बाहेर पडू नकोस, आज गोंधळ आहे. मी सांगते, फेरीला जाऊन आले. मग ती मला रागावते आणि मी तिच्या गुडघ्यांची चौकशी करते. सीमाप्रश्नावर आम्ही चव्वेचाळीस वर्षांत एकदाही एकमत झालेलो नाही.

प्रश्न : (टिळकवाडीच्याच आईंचं दुसरं पाकीट) बाई, एक राहिलंच. पासपोर्टाच्या अर्जात जन्मगाव 'बेळगाव' लिहावं की 'बेळगावी'? सासरे म्हणतात, 'बेळगावी' लिहिलंत तर मी सही करणार नाही.

उत्तर : जन्मदाखल्यावर जे असेल तेच, अक्षर न् अक्षर. नाव 1 नोव्हेंबर 2014 ला बदललं, तेव्हा दाखला कधी काढलाय ते बघा. आणि मुलीच्या पासपोर्टाला आईबापांच्या सह्या लागतात, आजोबांच्या नाही. त्यांना तो फॉर्म दाखवलात कशाला?