लग्न झालेल्या बहिणीने वडिलांच्या जमिनीत वाटा मागितला की लोक नावं का ठेवतात? तिचा खरंच हक्क असतो का?

हक्क असतो, आणि नावं ठेवणाऱ्यांनाही ते पक्कं ठाऊक असतं. "पोरींना आता समान वाटा आहे" हे पारावर बसणाऱ्यालाही पाठ आहे. पण तो वाटा तिने मागू नये, एवढीच अपेक्षा.

आजोबा गेल्यावर आई आणि दोन मावश्यांना घेऊन मी तालुक्याला दुय्यम निबंधकाकडे गेलो होतो, हक्कसोडपत्रासाठी. मामाने तिघींना साड्या आणलेल्या. फोटो झाले, अंगठे झाले. साहेबांनी विचारलं, "स्वखुशीने ना?" तिघीही हो म्हणाल्या. परतताना गाडीत आई मला विचारते, "आज सोडलं ते विहिरीकडचं, की वरचा माळ?" सोडलं ते सगळंच होतं.

आपल्याला फसवलं असं ती आजही म्हणत नाही. बाळंतपणं माहेरी झाली, भाऊबीज चुकली नाही, यात तिचा हिशेब पुरा होतो. भावांचा हिशेब याहून सोपा: "लग्नात दिलं की!" लग्नात दिलेलं म्हणजे वाटणी, असं कायदा मात्र धरत नाही.

हिंदू कुटुंबापुरतं सांगतो. वडिलोपार्जित मिळकतीत महाराष्ट्राने 1994 सालीच मुलींना मुलांच्या बरोबरीने आणलं, पण तेव्हा लग्न झालेल्या वगळून. 9 सप्टेंबर 2005 च्या केंद्राच्या दुरुस्तीने ती अट गेली. त्या दिवशी वडील हयात असायला हवेत का, हा वादही सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये मिटवला: गरज नाही. वडिलांनी स्वतः कमावलेलं असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर बायको, मुलगे, मुली आणि वडिलांची आई हयात असेल तर तीही, सगळ्यांना सारखं. (आजीला सगळेच विसरतात.) सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून हक्क जात नाही, आणि "मला काही नको" असं तोंडी म्हटल्यानेही सुटत नाही. नोंदणी केलेल्या हक्कसोडपत्राने मात्र सुटतो. तेव्हा बहीण तुमची असो वा तुम्ही स्वतः असा, सहीआधी सातबारा आणि फेरफार (जमिनीवरची नावं बदलल्याच्या नोंदी) काढून वाचा.

पुढे मामीच्या माहेरची जमीन रस्त्यात गेली, मोबदला आला. मामा स्वतः तिला गाडीवर बसवून वकिलाकडे घेऊन गेला. मी म्हटलं, "मामा, मग आईचं काय?"

"ते वेगळं," तो म्हणाला. "हे पैसे सरकारचे आहेत."