वाचकांचे प्रश्न : ब्रेकच्या डिस्क आणि पॅड घरी बदलताना

प्रश्न : ब्रेक लावला की माझ्या गाडीच्या पुढच्या चाकांतून बारीक, तीक्ष्ण किंचाळल्यासारखा आवाज येतो. चाकाच्या आऱ्यांमधून पाहिले तर डिस्कच्या बाहेरच्या काठावर कड आलेली दिसते. इंजिन ऑइल आणि फिल्टर मी स्वतःच बदलतो. पॅड व डिस्क बदलण्याचे कामही घरी करावे का, आणि नुसते पॅड बदलून भागेल का?

उत्तर : अनेक पॅडच्या मागच्या पत्र्याला एक लहान पोलादी पट्टी असते. पॅडचा घासला जाणारा थर दोन-तीन मिलिमीटरच उरला की ही पट्टी डिस्कला टेकते आणि आपण वर्णन केला आहे तसा आवाज करते. त्यामुळे पॅड संपत आले असावेत असे मानून काम लवकर हाती घ्यावे. थर पूर्ण संपला तर लोखंडावर लोखंड घासू लागते आणि चांगली असलेली डिस्कही निकामी होते.

डिस्क बदलायची की नाही, हे कड पाहून ठरवू नये. त्यासाठी जाडी मोजावी लागते. तिची किमान जाडी बहुतेक डिस्कच्या काठावर किंवा मधल्या उंचवट्यावर कोरलेली असते. साध्या व्हर्निअर कॅलिपरचे जबडे नेमके त्या कडेवर बसतात आणि जाडी आहे त्यापेक्षा जास्त दाखवतात. म्हणून मायक्रोमीटर वापरावा आणि पॅड जिथे घासतो त्या पट्ट्यावर चार-सहा ठिकाणी मोजावे. माप किमान जाडीच्या खाली किंवा तिच्या अगदी जवळ असेल, खोल चरे असतील किंवा तडा दिसत असेल, तर डिस्क बदलावी. पातळ डिस्क लवकर तापते आणि पॅड दाबणाऱ्या पिस्टनलाही नेहमीपेक्षा जास्त बाहेर यावे लागते. माप पुरेसे असेल आणि पृष्ठभाग गुळगुळीत असेल, तर नुसते पॅड चालतील. मात्र पॅड असोत वा डिस्क, एकाच आसाच्या दोन्ही चाकांवर एकदमच बदलावेत, नाहीतर ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढते.

काम घरी जरूर करावे, पण सपाट टणक जमीन, जॅकखेरीज दोन भक्कम जॅक स्टँड, टॉर्क रेंच (बोल्ट ठरलेल्या जोरानेच आवळता येणारा पाना) आणि आपल्याच मॉडेलचे सर्व्हिस मॅन्युअल या चार गोष्टी हाताशी असतील तरच. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीचे चाक काढून तिथे हात घालणे मला कोणत्याही सबबीवर मान्य नाही. मागच्या ब्रेकच्या बाबतीत आणखी एक अट आहे. हँडब्रेक विजेवर चालणारा असेल, तर तो आधी दुरुस्तीच्या स्थितीत न्यावा लागतो. केबलवर चालणाऱ्या हँडब्रेकची यंत्रणा ब्रेकच्या कॅलिपरमध्येच (पॅड आणि पिस्टन ज्यात बसतात त्या भागात) असेल, तर बऱ्याच गाड्यांत पिस्टन नुसता दाबून आत जात नाही, तो फिरवत आत घ्यावा लागतो. तिथे जोर लावला तर कॅलिपर बिघडतो.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत, मग जी चाके जमिनीवर राहणार त्यांना अडणी लावून गाडी उचलावी. एका वेळी एकच बाजू उघडावी, म्हणजे क्लिप कशी बसत होती हे दुसऱ्या बाजूला पाहता येते. कॅलिपर सोडवल्यावर तो रबरी नळीवर लोंबकळू देऊ नये. नळी आतून तुटू शकते आणि बाहेरून ते कळत नाही. तारेच्या आकड्याने कॅलिपर सस्पेन्शनच्या स्प्रिंगला टांगावा. ब्रेकची धूळ फुंकून किंवा हवेच्या दाबाने उडवू नये. ब्रेक क्लीनरने ती ओली करून पुसावी, कारण जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते.

जुने पॅड लगेच टाकून देऊ नयेत. आतला आणि बाहेरचा पॅड शेजारी ठेवून पाहावेत, कारण बिघाड कुठे आहे हे त्यांच्या झिजेवरून कळते. आतला पॅड खूप जास्त झिजला असेल, तर कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिन अडकल्या आहेत किंवा पिस्टन मागे सरकत नाही, असा संशय घ्यावा. एकच पॅड तिरका झिजला असेल, तर पिन वा ब्रॅकेटमधली पॅडची जागा गंजली असावी. हे दोष तसेच ठेवून नवे पॅड बसवले तर तेही त्याच रीतीने झिजतात. म्हणून पिन बाहेर काढून पुसाव्यात आणि त्यांना ब्रेकसाठीचेच खास ग्रीस लावावे. साध्या खनिज ग्रीसने रबर फुगते आणि पिन पुन्हा अडकते. पिस्टनवरचे रबरी आवरण फाटलेले असेल किंवा तिथे ओल दिसत असेल, तर पुढचे काम थांबवून कॅलिपरची दुरुस्ती करून घ्यावी.

पिस्टन सी-क्लॅम्पने सावकाश आत ढकलावा. त्या वेळी ब्रेक ऑइलची पातळी टाकीत वर चढते, तेव्हा ती पाहत राहावे. सांडलेले ऑइल रंग खाते. जुनी डिस्क हबला (चाक आणि डिस्क ज्यावर बसतात त्या मधल्या भागाला) चिकटून बसली असेल आणि तिच्यात आटे असलेली दोन छिद्रे असतील, तर त्यांत बोल्ट आळीपाळीने आवळून ती सुटते.

घाईत राहून जाणारी गोष्ट म्हणजे हबची सफाई. हबच्या सपाट पृष्ठभागावर गंजाची एक पापुद्र्याएवढी खपली राहिली तरी नवी डिस्क किंचित तिरकी बसते. तारेच्या ब्रशने धातू उघडा होईपर्यंत हब घासावा. नव्या डिस्कवरचे गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पूर्ण पुसावे. पॅडच्या घासणाऱ्या बाजूला तेलकट बोट लागू देऊ नये. सगळे बोल्ट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनेच आवळावेत आणि चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने.

इंजिन चालू करून गाडी हलवण्याआधी ब्रेकचे पेडल घट्ट लागेपर्यंत दाबत राहावे. पिस्टन मागे ढकललेले असल्यामुळे पहिल्या काही दाबांना पेडल तळाला जाते. गाडी हलल्यावर हे लक्षात आले तर वेळ निघून गेलेली असते.

प्रश्न : नव्या डिस्क आणि पॅड बसवून काही महिने झाले. आता वेगात ब्रेक लावला की स्टिअरिंग थरथरते. डिस्क वाकली असेल का?

उत्तर : सहसा डिस्क वाकलेली नसते. ती हबवर किंचित तिरकी बसलेली असेल, तर प्रत्येक फेऱ्यात तिचा एक भाग पॅडला हलकेच टेकत राहतो आणि हळूहळू डिस्कची जाडी ठिकठिकाणी वेगळी होते. थरथर त्या फरकाची असते. डायल गेज (अगदी बारीक हालचाल दाखवणारे मापक) लावून डिस्कचे डगमगणे मोजावे. पुष्कळ उत्पादकांची मर्यादा 0.05 मिलिमीटरच्या आसपास असते, पण आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये पाहावा. मर्यादा ओलांडली असेल तर आधी हब साफ करून डिस्क वेगळ्या कोनात बसवून पाहावी.

दुसरे कारण नवे पॅड डिस्कशी घासून नीट न जुळवल्याचे असते. नवे पॅड बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर ताशी 50-60 किलोमीटर वेगावरून ताशी 10 पर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा वेग कमी करावा, मधे पूर्ण थांबू नये, आणि मग ब्रेक न लावता काही अंतर चालवून डिस्क थंड होऊ द्याव्यात. पॅड उत्पादकाने वेगळी पद्धत सांगितली असेल तर तीच पाळावी. तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून उभे राहिले तर पॅडचा थर एकाच जागी चिकटतो आणि तिथून थरथर सुरू होते.

प्रश्न : पॅड बदलताना ब्रेक ऑइलही बदलावे का?

उत्तर : पॅड बदलले म्हणून नव्हे, पण ऑइल दोन वर्षांहून जुने असेल तर बदलावे. हे द्रव हवेतली ओल शोषते आणि त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. मानकानुसार ताज्या डॉट 4 या प्रकारच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असतो, तर ओल शोषलेल्या अवस्थेत तो किमान 155 अंशांपर्यंत चालतो. लांब घाटउतारावर ते उकळले तर बुडबुडे दबतात, दाब पिस्टनपर्यंत पोहोचत नाही आणि पेडल पोकळ लागते. टाकीच्या झाकणावर लिहिलेलाच प्रकार घालावा, आणि सिलिकोनचे डॉट 5 इतर कशातही मिसळू नये.