वरच्या मॉडेलचे जादा पैसे: छोटी गाडी घेणाऱ्यांचे प्रश्न

छोट्या पेट्रोल गाड्यांवर पूर्वी २८ टक्के जीएसटी आणि त्यावर उपकर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून हा सगळा कर १८ टक्क्यांवर आला. तेव्हापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलला आहे. गाडी घ्यावी की नाही, असे आता फारसे कोणी विचारत नाही. वाचलेल्या पैशांत वरचे मॉडेल घ्यावे का, असे विचारतात. आपल्याकडे एकेक सोय सुटी निवडता येत नाही. कंपनी ज्या गाठोड्यात ती बांधते, ते गाठोडेच घ्यावे लागते, आणि म्हणून हा निर्णय दिसतो त्यापेक्षा अवघड असतो.

प्रश्न : मी चिपळूणला माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. आम्ही पेट्रोलवरची छोटी हॅचबॅक घेत आहोत. माहेर कऱ्हाडला असल्यामुळे महिन्यातून दोनदा कुंभार्ली घाट ओलांडावा लागतो आणि गाडी मीच चालवणार आहे. मधल्या आणि वरच्या मॉडेलच्या एक्स-शोरूम किमतीत ८० हजारांचा फरक आहे. वरच्या मॉडेलमध्ये मॅगव्हील (मिश्रधातूची चाके), मोठा टचस्क्रीन, बटण-स्टार्ट, मागचा वायपर व डीफॉगर आणि चालकाचे आसन वर-खाली करण्याची सोय आहे. माझी उंची पाच फूट आहे. घरच्यांच्या मते मधले मॉडेल पुरेसे आहे.

उत्तर : प्रथम ८० हजारांची खरी किंमत पाहू. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रस्ता कर लागतो, म्हणजे ८,८०० रुपये तिथेच वाढले. विम्याचा हप्ताही गाडीच्या किमतीवर ठरत असल्याने फरक ९० हजारांच्या घरात जातो. ही रक्कम शेकडा ९ दराने पाच वर्षांच्या कर्जात घातली, तर महिन्याला सुमारे १,८७० रुपये आणि एकूण एक लाख बारा हजार रुपये होतात. एवढ्या पैशांत आपल्याला काय मिळते, हा प्रश्न आहे.

आपण लिहिलेल्या यादीतील मॅगव्हील, टचस्क्रीन आणि बटण-स्टार्ट यांच्यासाठी मी एक रुपयाही जादा द्यायला सांगणार नाही. मॅगव्हील दिसायला सुरेख असते, पण खोल खड्ड्यात जोरात आदळले तर त्याला तडा जाऊ शकतो. साधे लोखंडी चाक वाकते आणि बहुधा ठोकून सरळ करता येते. उरलेल्या तीन गोष्टी मात्र आपल्या रस्त्यासाठी आणि आपल्या उंचीसाठी मोलाच्या आहेत, आणि त्यांपैकी एकही नंतर बाजारात धडपणे बसवून मिळत नाही.

हॅचबॅकचा मागचा भाग जवळजवळ उभा कापलेला असतो. गाडी धावताना त्याच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि चाकांनी उडवलेला चिखल व पाणी तिथल्या भोवऱ्यात सापडून थेट मागच्या काचेवर येऊन बसते. डिकी मागे बाहेर आलेल्या सेडानमध्ये हा त्रास बराच कमी असतो, म्हणूनच त्यांना मागे वायपर नसला तरी निभावते. जुलैत कुंभार्ली चढताना हॅचबॅकची मागची काच किती लवकर आंधळी होते, हे मी स्वतः अनुभवले आहे. मागून येणारा ट्रक दिसत नाही, केवळ त्याचा हॉर्न ऐकू येतो, आणि अशा वेळी वळणावर गाडी बाजूला घ्यायला मन धजत नाही. वायपर बाहेरचे पाणी काढतो, तर डीफॉगर आतून साचलेले बाष्प. डीफॉगरच्या तांबूस रेषा काचेवर कारखान्यातच पक्क्या केलेल्या असतात, त्यामुळे तो नंतर हवा असल्यास काचच बदलावी लागते.

आसनाच्या उंचीचा मुद्दा घरच्यांना किरकोळ वाटत असेल, पण तो तसा नाही. पाच फूट उंचीच्या चालकाला खालच्या आसनावरून बॉनेटची कड दिसत नाही, म्हणून तो नकळत पुढे सरकून स्टिअरिंगला चिकटतो. एअरबॅग क्षणाच्या अगदी लहान अंशात प्रचंड जोराने फुगते, त्यामुळे छाती आणि स्टिअरिंगचा मध्य यांच्यात किमान २५ सेंटिमीटर अंतर असावे लागते. उशी घेऊन बसणे हा उपाय नव्हे; ब्रेक लागताच उशी सरकते आणि कमरेचा पट्टा पोटावर चढतो. शोरूममध्ये जाताना रोजच्या चपला घालून जा, आसन आपल्याला हवे तसे लावा आणि कोणाला तरी टेपने हे अंतर मोजायला सांगा.

तेव्हा या गाडीचे वरचे मॉडेल घ्या, असेच मी सांगेन. मात्र त्याआधी दुसऱ्या एक-दोन कंपन्यांची मधली मॉडेले पाहून घ्या, कारण या तिन्ही सोयी कोणत्या पायरीवर द्यायच्या, हे प्रत्येक कंपनी वेगळे ठरवते. वरच्या मॉडेलची किंमत दहा लाखांवर जात असेल, तर रस्ता कर संपूर्ण किमतीवर १२ टक्के होतो आणि एक टक्का टीसीएसही, म्हणजे विक्रेत्याने आपल्याकडून गोळा करायचा आगाऊ प्राप्तिकर, भरावा लागतो. टीसीएस प्राप्तिकराच्या विवरणपत्रात वळता करून घेता येतो, रस्ता कर मात्र परत येत नाही.

आपण विचारलेले नाही, तरी चिपळूणचे नाव वाचल्यावर सांगितल्यावाचून राहवत नाही. २२ जुलै २०२१ च्या पुरात आपल्या गावातील असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. पाणी शिरलेले इंजिन चालू करण्याचा प्रयत्न झाल्यास आतील भाग मोडतात, आणि हे नुकसान साध्या विम्यात सहसा धरले जात नाही. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ नावाचे जादा कवच घ्यावे लागते. टचस्क्रीनवर खर्च करण्यापेक्षा ते दरवर्षी न चुकता घ्या.

प्रश्न : वय ६३, पुण्यात सिंहगड रस्त्यावर राहतो. डावा गुडघा दुखतो, क्लच दाबणे जड जाते. साध्या गिअरच्या गाडीपेक्षा आपोआप गिअर बदलणारी एएमटी सुमारे ५० हजारांनी महाग आहे. मुलगा म्हणतो की एएमटी धक्के देते आणि घाटात मागे सरकते.

उत्तर : आपल्या गुडघ्यासाठी हे ५० हजार सार्थकी लागतील. मुलाचे म्हणणे खोटे नाही, पण अपुरे आहे. एएमटीमध्ये गिअरबॉक्स आणि क्लच नेहमीच्या गाडीचेच असतात. फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम हातापायांऐवजी एक यंत्रणा करते. म्हणूनच ती स्वस्त पडते, आणि म्हणूनच गिअर बदलताना क्षणभर ओढ तुटल्यासारखी वाटते. भारतात २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओतून ती छोट्या गाड्यांत आली, त्या वेळच्या मानाने आज बरीच सुधारली आहे. गिअर बदलत असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय किंचित सैल केला, तर धक्का जवळजवळ जाणवत नाही. ही सवय आठवड्याभरात लागते.

चढावर थांबल्यावर बरेच लोक ॲक्सिलरेटर हलका दाबून गाडी जागच्या जागी तोलून धरतात. एएमटीत असे कधीही करू नका, कारण त्यात क्लच घासला जातो, तापतो आणि लवकर संपतो. ब्रेक किंवा हँडब्रेक लावूनच थांबा. आपण घ्याल त्या मॉडेलमध्ये हिल-होल्ड आहे ना, याची मात्र खात्री करून घ्या. ब्रेकवरून पाय काढल्यावरही ही सोय गाडीला एक-दोन सेकंद धरून ठेवते, आणि चढावरचा आपला प्रश्न तेवढ्यात सुटतो. ती बहुतेक वेळा ईएसपीबरोबर येते. निसरड्या वळणावर गाडी घसरू लागली, तर ईएसपी एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून तिला मार्गावर आणते. हीदेखील नंतर बसवता न येणारी गोष्ट आहे. खंबाटकीसारखा घाट उतरताना गाडी ‘डी’मध्ये (आपोआप गिअरवर) ठेवू नका, ‘एम’मध्ये (गिअर स्वतः निवडण्याच्या स्थितीत) घेऊन दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरवर उतरा.

एक विनंती आहे. चाचणी फेरी शोरूमभोवतीच्या सपाट रस्त्यावर न घेता एखाद्या भरपूर चढाच्या रस्त्यावर घ्या, आणि चढावर गाडी दोनदा थांबवून पुन्हा काढून पाहा. गाडीत बसताना-उतरताना गुडघा किती वाकवावा लागतो, हेही पाहा. वॅगन आरसारख्या उंच बांध्याच्या गाडीत माणूस खुर्चीवर बसावा तसा बसतो. काही दिसायला देखण्या हॅचबॅकमध्ये अक्षरशः खाली उतरावे लागते, आणि हा त्रास कोणतेही वरचे मॉडेल घेऊन कमी होत नाही.

प्रश्न : आम्ही नागपूरला राहतो, मुलगी दोन वर्षांची आहे. समृद्धी महामार्गाने नाशिकला वर्षातून तीन-चार वेळा जातो. शोरूमने सीट कव्हर, बंपर गार्ड, काचांना फिल्म आणि इतर वस्तूंचे ३८ हजारांचे पॅकेज दिले असून ते घेतल्यास गाडी लवकर मिळेल, असे सुचवले आहे. सनरूफचे मॉडेलही घ्यावेसे वाटते.

उत्तर : पॅकेज घेऊ नका. ॲक्सेसरीज आणि विमा शोरूमकडूनच घेण्याचे बंधन ग्राहकावर नाही; प्रत्येक वस्तूची किंमत वेगळी दाखवणारे लेखी दरपत्रक मागा, म्हणजे बोलणे आपोआप सरळ होते.

या पॅकेजमधील काही वस्तू निरुपयोगीच नव्हे, तर घातक आहेत. सहा एअरबॅग आता छोट्या गाड्यांतही मिळू लागल्या आहेत. ह्युंदाईने ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या आपल्या सर्व मॉडेलांत दिल्या आणि मारुती सुझुकीने २०२५ मध्ये अल्टो के१० व वॅगन आरपर्यंत त्या आणल्या. यांतील बाजूच्या एअरबॅग पुढच्या आसनांच्या बाहेरच्या कडेतून शिवण फाडून बाहेर येतात. त्या कडेवर जाड, घट्ट कव्हर चढवले, तर एअरबॅग अडते किंवा भलतीकडे फुटते. कव्हर घ्यायचेच असेल, तर त्या जागी उसवणारी शिवण ठेवलेले आणि कंपनीने त्याच मॉडेलसाठी मान्य केलेले घ्या. लोखंडी बंपर गार्डमुळे धडकेचा जोर वेगळ्याच वाटेने जातो, एअरबॅगच्या सेन्सरना चुकीचा संकेत मिळू शकतो आणि पादचाऱ्यालाही अधिक इजा होते. केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना त्यांवर कारवाई करण्यास सांगितले आहे. काळ्या फिल्मविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ चा निकाल आहे. नागपूरच्या उन्हाचा त्रास मी समजू शकतो. त्यासाठी मागच्या दारांना काढता-घालता येणाऱ्या जाळ्या आणि उभ्या गाडीत पुढच्या काचेमागे ठेवायचा परावर्तक पडदा पुरेसा पडतो.

त्या ३८ हजारांतून मुलीसाठी आयसोफिक्सचे चांगले चाइल्ड सीट घ्या, पैसे उरतीलही. मागच्या आसनाची पाठ आणि बैठक यांच्या फटीत बोटे घातल्यावर लोखंडी कड्या हाताला लागतात, त्यांत ते अडकते. आपण पाहत असलेल्या मॉडेलमध्ये कड्या आहेत, हे प्रत्यक्ष हात घालून तपासा. मांडीवर घेतलेले मूल धडकेच्या वेळी कोणत्याही आईबापाच्या हातांत राहू शकत नाही. वजन बारा किलो असले, तरी त्या क्षणी हातांवर येणारा जोर काही क्विंटलांचा असतो. मोठ्यांनीही मागे पट्टा लावावा. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला, तेव्हा मागच्या आसनावर बसलेल्या त्यांनी पट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले होते. ती गाडी महागड्या आणि सुरक्षित समजल्या जाणाऱ्या वर्गातील होती.

समृद्धीसाठी मी टीपीएमएस, म्हणजे टायरमधील हवा कमी झाल्याचे सांगणारी यंत्रणा असलेले मॉडेल निवडीन. ७०१ किलोमीटरचा सिमेंटचा रस्ता, १२० ची वेगमर्यादा आणि विदर्भातील ऊन एकत्र आले, की कमी हवेचा टायर तापून फुटण्याचा धोका वाढतो. मात्र डिकी उघडून स्टेपनी आहे का, हेही पाहा. २०२० च्या नियमबदलानंतर टीपीएमएस आणि पंक्चर दुरुस्तीचे किट दिल्यास कंपनीला स्टेपनी न देण्याची मुभा आहे.

सनरूफ घेऊ नका. मे महिन्यात नागपूरला ते उघडले जाणार नाही, बंद काचेतूनही डोक्यावर ताप येईल, आणि पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या धुळीने बुजल्या, तर छताच्या कापडावर डाग दिसू लागतील. मुलगी थोडी मोठी झाली, की ती त्यातून बाहेर उभी राहण्याचा हट्ट धरेल, आणि चालत्या गाडीत तो पुरवणे म्हणजे तिचा जीव धोक्यात घालणे होय.

प्रश्न : बेस मॉडेल घेऊन बाकीचे सांगलीत बाहेरून बसवले, तर लाखभर वाचतील का?

उत्तर : स्टिरिओ, मागचा कॅमेरा, फूटमॅट, फॉग लॅम्प बाहेरून बसवल्यास नक्कीच वाचतील. पार्किंग सेन्सर तर जुलै २०१९ पासून प्रत्येक गाडीत द्यावेच लागतात. फक्त कारागीर मूळ वायर कापून जोड देणार असेल, तर काम देऊ नका. त्या मॉडेलच्या कपलरला (वायरी जोडण्याच्या तोंडाला) जुळणारे तयार हार्नेस, म्हणजे वायरींचा जोडसंच, मिळते, ते लावायला सांगा. कापलेल्या वायरीमुळे वॉरंटी नाकारली जाऊ शकते, आणि गाडीला आग लागण्याच्या कारणांत असे कच्चे जोड असतात. हॅलोजनच्या दिव्यात बाजारातला एलईडी बल्ब घालू नका. त्या दिव्याची वाटी त्या बल्बसाठी घडवलेली नसते, त्यामुळे उजेड विखुरतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात. जे जे बसवाल, त्याचे बिल विमा कंपनीला कळवून पॉलिसीत नोंदवून घ्या, नाहीतर चोरी किंवा अपघातानंतर त्याची भरपाई मिळणार नाही.