वाचकांचे प्रश्न : ‘द क्रूसिबल’ आणि सेलमचे खटले

प्रश्न : आर्थर मिलर यांचं सेलमच्या चेटूक-खटल्यांवरचं ‘द क्रूसिबल’ हे नाटक पाहिलं. एका मुलीच्या मत्सरापायी सगळं गाव पेटतं, हे काही पटलं नाही. अबिगेल आणि जॉन प्रॉक्टर यांचं प्रकरण खरंच होतं का?

उत्तर : तसा कुठलाही पुरावा नाही. १६९२ साली अमेरिकेतल्या सेलममध्ये चेटकाचे खटले चालले, तेव्हा आरोप करणाऱ्या मुलींपैकी अबिगेल विल्यम्स अकरा-बारा वर्षांची पोर होती आणि आरोपी प्रॉक्टर साठीचा. मिलरनी तिला सतराची केलं, त्याला तिशीत आणलं. तिचं वय वाढवल्याचं छापील नाटकाच्या सुरुवातीला ते स्वतःच सांगतात. न्यायाधीशांचंही तसंच. या खटल्यांसाठी नेमलेल्या खास न्यायालयाचा मुख्य न्यायाधीश होता विल्यम स्टॉटन. नाटकात न्यायाधीश असलेला थॉमस डॅनफर्थ त्या न्यायालयात नव्हताच. या प्रेमप्रकरणामुळे नाटकाला वेग येतो हे खरं, पण सगळा दोष अबिगेलच्या माथी जातो. प्रत्यक्षात या पोरींच्या वतीने लेखी तक्रारी केल्या त्या थॉमस पटनमसारख्या कर्त्या पुरुषांनी.

प्रश्न : चेटकाचा गुन्हा कबूल केला तर जीव वाचतो आणि नाकारणारा फासावर जातो, ही उलटी रीत नाटकासाठी रचलेली असावी. नाहीतर कोण नाकारेल?

उत्तर : नाही, नाटकातला हाच भाग सर्वांत खरा आहे. पन्नासहून अधिक जणांनी कबुली दिली. कबुलीवर ठाम राहिलेल्यांपैकी एकालाही फाशी झाली नाही. सॅम्युएल वॉर्डवेलने दिलेली कबुली मागे घेतली आणि २२ सप्टेंबरला तो फासावर चढला. कबूल करणारा न्यायालयाच्या उपयोगाचा असे, कारण सैतानाच्या मेळ्यात आणखी कोणकोण दिसलं ते तो सांगे. नव्या नावांवर नवे खटले उभे राहत. १९५३ साली हे नाटक रंगमंचावर आलं तेव्हा अमेरिकेत कम्युनिस्टांची नावं वदवून घेणं चालूच होतं. पुढे १९५६ मध्ये संसदीय समितीपुढे खुद्द मिलरनीही इतरांची नावं द्यायला नकार दिला.

नाकारणाऱ्याची कोंडी झाली ती ‘स्पेक्ट्रल’ पुराव्यामुळे. आरोपीची सूक्ष्म आकृती येऊन आपल्याला चिमटे काढते, गळा दाबते, असं पीडित मुलगी सांगे आणि ते ग्राह्य धरलं जाई. त्या वेळी मी घरी झोपलो होतो, हा बचाव इथे कुचकामी. देह घरी असला तरी आकृती फिरतेच! सेरा गुडच्या खटल्यात एका मुलीने, आकृतीने भोसकलं म्हणत, सुरीचं मोडलेलं पातं दाखवलं. एका तरुणाने उरलेला तुकडा पुढे केला: सुरी त्याचीच, आदल्या दिवशी मोडली म्हणून त्याने तिच्यादेखत फेकली होती. न्यायालयाने मुलीला खोटं न बोलण्याची समज दिली आणि तिची साक्ष पुढे चालू ठेवली.

रिबेका नर्स या आरोपी बाईला तर ज्यूरीने आधी निर्दोष ठरवलं होतं. स्टॉटनने फेरविचार करायला लावला. तिच्याच एका वाक्याचा खुलासा ज्यूरीने मागितला. तिला कमी ऐकू येत असल्याने प्रश्न कळलाच नाही, आणि गप्प राहिली म्हणून ती दोषी ठरली. ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर विल्यम फिप्सने हे न्यायालय बंद केलं. पुढच्या वर्षी नव्या न्यायालयाने ‘स्पेक्ट्रल’ साक्षींना थारा दिला नाही, तेव्हा बहुतेक सगळे सुटले.

प्रश्न : सेलममध्ये किती चेटकिणी जाळल्या?

उत्तर : एकही नाही. तिथे इंग्रजी कायदा होता आणि त्यात चेटकाला शिक्षा फाशीची. १९ जण फासावर गेले, १४ स्त्रिया आणि ५ पुरुष. किमान पाच जण तुरुंगात मेले.

प्रश्न : नाटकात जाइल्स कोरी मालमत्ता मुलांना मिळावी म्हणून आरोपाला उत्तर देत नाही आणि दगडांखाली मरतो. हे खरं का?

उत्तर : मरण खरं, कारण शंकास्पद. आरोपीने ज्यूरीपुढे खटला चालवायला संमती दिल्याशिवाय तो चालत नसे. ती मिळवण्यासाठी त्याला उताणं निजवून अंगावर वजन वाढवत नेत. म्हणजे ही शिक्षा नव्हती, संमती काढण्याचा उपाय होता. जमीन म्हणाल तर ती ऐंशीच्या घरातल्या कोरीने तुरुंगातूनच दोन जावयांच्या नावे करून ठेवली होती. या न्यायालयात खटला चाललेला कुणी निर्दोष सुटला नव्हता, हे मात्र त्याला दिसत होतं. तो १९ सप्टेंबरला मेला. त्याची बायको मार्था तीन दिवसांनी फासावर गेली.